ओसरीवरून : अर्धें बिस्किट

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादें तरी दुडदुडतें मूल असेल, आणि त्या मुलाभोंवतीं आजी-आजोबा, काका-काकू, आत्या यांचा गराडाही असेल. अशा भरल्या घरांसाठींच आजचा हा मजकूर आहे. तो लिहितांना आम्हांस थोडी लाज वाटते. परंतु पस्तीस वर्षें वर्गांत उभे राहून ‘चूक झाली तर उभें राहून सांगावें’ असें मुलांना शिकविलें. तेव्हां स्वतःवर प्रसंग आल्यावर बसून राहणें शोभणार नाहीं.

आमचा नातू वीस महिन्यांचा. गेल्या मार्गशीर्षांत सूनबाई त्याला न्हाऊं घालीत असतां त्यानें भोकाड पसरलें, आणि रडतांना त्याच्या उजव्या जांघेंत सुपारीएवढा फुगवटा दिसला. रडें थांबतांच तो नाहींसा झाला. आमच्या सौभाग्यवतींनीं तत्काळ निदान केलें, “आमच्या पुतण्याची बेंबी अशीच फुगत असे. वर नाणें बांधलें, आणि चार वर्षांचा होईतों आपोआप बसली.” आम्हीही मान डोलाविली. सूनबाईंनीं सर्वांचें ऐकून घेतलें, कोणास उलट उत्तर दिलें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं मुलाला डॉक्टरांकडे नेलें.

सर्जनसाहेब वयानें तरुण, पण समजावून देण्याची हातोटी अशी कीं आमच्यांतील मास्तरास हेवा वाटावा. त्यांनीं कागदावर आकृति काढली. मुलग्याच्या जन्मापूर्वीं वृषण पोटांतून खालीं उतरतात, तेव्हां पोटाच्या अस्तराची एक चिंचोळी पिशवी त्यांच्याबरोबर खालीं येते. पुढें ती बहुधा मिटून जाते. कांहीं मुलांत ती उघडी राहते आणि रडण्या-खोकण्याच्या जोरानें आंतड्याचा भाग तींत घसरतो. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. मुलींपेक्षां मुलग्यांत, आणि डाव्या बाजूपेक्षां उजव्या बाजूस तो अधिक आढळतो. बेंबीचा अंतर्गळ बहुधा चार-पांच वर्षांत आपोआप बुजतो. त्याचें श्रेय नाण्यास देणें हा केवळ आपला भाबडेपणा! जांघेचा मात्र स्वतः होऊन बरा होत नाहीं. आंतडें तेथें अडकून बसलें तर त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचें भय असतें. म्हणून जांघेच्या वळींत लहानसा छेद घेऊन ती पिशवी वेगळी करावयाची आणि मुळाशीं बांधून टाकावयाची. मोठ्या माणसांस बसवितात तशी जाळी लागत नाहीं, आणि सर्व ठीक असल्यास मूल त्याच दिवशीं घरीं येतें.

दिवस ठरला, सकाळीं नऊची वेळ ठरली, आणि सूचनांचा कागद हातीं आला. शस्त्रक्रियेपूर्वीं ६ तास अन्न किंवा वरचें दूध नाहीं, ४ तास आईचें दूध नाहीं, आणि २ तास साधें पाणीही नाहीं. सूनबाईंनीं तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटविला. रात्रीं अडीचला उठून त्यांनीं बाळाला खिमट भरविलें, पावणेपांचच्या आंत अंगावर पाजलें. वेळापत्रक असें चोख कीं त्यांत आमच्यासारख्यास लुडबूड करण्यास जागाच नव्हती. पण आम्ही ती काढली.

सहाच्या सुमारास बाळ उठला. सूनबाई स्नानास गेल्या होत्या, चिरंजीव गाडी काढीत होते, सौभाग्यवती देवापाशीं होत्या. बाळ आमच्या मांडीवर. त्यानें फडताळांतील डब्याकडे बोट दाखविलें आणि “बिकी, बिकी” म्हणून असा कांहीं टाहो फोडला कीं आमचें काळीज हललें. त्या क्षणीं आमची विद्या आमच्या मदतीस धांवली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास त्याला रुचेल तें खाऊं घालावें असें सांगितलें आहे. पोटांत अन्न असलें म्हणजे तो मूर्च्छित होत नाहीं. शिवाय पाणी चालतें, तर पाण्यांत विरघळणारें अर्धें बिस्किट कां चालूं नये? बाळानें तें मिटक्या मारीत खाल्लें. आम्हीं त्याचें तोंड पुसलें. उपरण्यावरचा चुरा झटकला, येथेंच आमच्या मनाला सर्व कळत होतें असें समजावें.

रुग्णालयांत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीं बाळाची छाती तपासली, वजन पाहिलें, आणि विचारलें, “शेवटचें कधीं खाल्लें?” सूनबाईंनीं घड्याळाच्या कांट्याबरहुकूम उत्तर दिलें. “त्यानंतर कांहीं नाहीं?” “नाहीं,” सूनबाई म्हणाल्या. त्या स्वरांत रात्रभर जागलेल्या आईचा विश्वास होता. चिरंजीव संमतिपत्रावर सही करीत होते. त्यांचा हात कांपत होता आणि नांवाचीं अक्षरें वेडींवांकडीं उमटत होतीं. आम्ही भिंतीकडे पाहूं लागलों. अर्धें तर बिस्किट! तीन तास तर होत आले! आतां बोललों तर सुनेसमोर, मुलासमोर, परक्या बाईंसमोर आमची काय शोभा राहील? हे सर्व विचार मनांत येऊन गेले हें आम्ही लपवीत नाहीं. मग त्या बाईंनीं बाळाला कडेवर घेण्यासाठीं हात पुढें केले, आणि आमचा आवाज आमच्या नकळत बाहेर पडला, “सहा वाजतां मीं त्याला अर्धें बिस्किट दिलें आहे.”

खोलींत कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. त्यांनीं बाळाला उराशीं धरलें, एवढेंच.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “आजोबा, बिस्किटें पुष्कळ घरांतून दिलीं जातात. सांगणारे थोडे असतात.” मग त्यांनीं कारण सांगितलें. जागेपणीं घास चुकून श्वासनलिकेकडे वळला तर आपणांस ठसका लागतो. तो ठसका हा फुप्फुसांचा द्वारपाल आहे. भुलेंत तो द्वारपालही झोंपतो. पोटांतलें अन्न वर आलें तर तें अडथळ्यावांचून फुप्फुसांत उतरतें, आणि त्यांतून गुदमरणें किंवा जीवघेणी सूज उद्भवूं शकते. पाणी पोटांतून लौकर पुढें सरकतें, बिस्किट सरकत नाहीं. न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनीं १९४६ मध्यें बाळंतपणांत भूल दिलेल्या स्त्रियांचें असें वृत्त प्रसिद्ध केलें. ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदींत त्यांना असे ६६ प्रसंग आढळले होते. संख्या लहान खरी. परंतु त्या सहासष्टांत आपलें मूल असावें असें कोणास वाटेल?

शस्त्रक्रिया आठ दिवस पुढें गेली.

घरीं येऊन आम्हीं सुश्रुत उघडला. सतराव्या अध्यायांतील तें वचन बरोबरच होतें. पण त्याच सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत मूढगर्भ, उदर, अर्श, मूतखडा, भगंदर आणि मुखरोग या ठिकाणीं रोगी उपाशी असतांनाच शस्त्रकर्म करावें, असा अपवादही स्पष्ट आहे. तो आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केला होता. सोयीचें तेवढें आठवलें, गैरसोयीचें विसरलें. शिवाय त्या काळचा रोगी जागा असे आणि वेदनेनें मूर्च्छा येणें हें मोठें भय होतें. ईथरच्या भुलेचा प्रसिद्ध जाहीर प्रयोग बोस्टन येथें झाला तो १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं. आजच्या रोग्यास आपणच झोंपवितों, म्हणून भयही बदललें. सुश्रुताचार्य आज असते तर प्रथम आमचेच कान उपटते.

त्या आठ दिवसांत सूनबाई आमच्याशीं नेहमींप्रमाणेंच वागल्या. चहा वेळेवर, औषध वेळेवर. तेंच आम्हांस जड गेलें. एका संध्याकाळीं आम्हीं त्यांना म्हटलें, “सूनबाई, माझें चुकलें. सांगावयास उशीर केला, हें तर त्याहून वाईट.” त्या म्हणाल्या, “बाबा, तुम्ही बोलला नसतां तर?” आणि पुढचें वाक्य त्यांना पुरें करतां आलें नाहीं. आम्हांसही नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं बिस्किटांचा डबा आदल्या रात्रींच शेजारीं नेऊन ठेवला. सकाळीं घरांत चूल पेटली नाहीं. सौभाग्यवतींनीं चहासुद्धां घेतला नाहीं. सहा वाजतां बाळ उठला. सूनबाईंनीं त्याला थोडें पाणी पाजलें, क्षणभर थांबल्या, आणि त्याला आमच्याच मांडीवर ठेवून स्नानास गेल्या. बाळ फडताळाकडे बोट करून रडला. आम्हीं त्याला परसांत नेलें, कावळे दाखविले, माहीत होतीं नव्हतीं तेवढीं गाणीं म्हटलीं. तो अर्धा तास आम्हांस पस्तीस वर्षांच्या नोकरीहून लांब वाटला.

बाळ झोंपेपर्यंत आईला आंत थांबूं दिलें होतें. तोंडावर मुखवटा धरला, गोडसर वासाची हवा आंत गेली आणि तो निजला. सूनबाई बाहेर आल्या त्या आपल्या तर्जनीकडे पाहत. “बोट घट्ट धरलें होतें. एकेक करून सोडवावीं लागलीं त्याचीं बोटें,” एवढेंच त्या बोलल्या.

आईला असें बरोबर राहूं देणें ही गोष्ट जुनी नव्हे. १९५२ मध्यें लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनीं लॉरा नांवाच्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखविला. बेंबीच्या अंतर्गळासाठीं ती ८ दिवस रुग्णालयांत होती, आणि आईबापांस थोडाच वेळ भेट मिळे. मूल गप्प झालें म्हणजे रुळलें, असें समजणाऱ्या अनेक डॉक्टरांस त्या चित्रपटाचा राग आला. पण १९५९ मध्यें सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनें आईबापांस मुलांजवळ मोकळेपणानें येऊं द्यावें, अशीच शिफारस केली. ‘लहान मुलाला काय कळतें?’ असें आपण सहज म्हणतों. त्याला आईचें बोट सुटलेलें कळतें.

पाऊण तासानें दार उघडलें. जागा होतांना बाळ घोगऱ्या आवाजांत रडला, कांहीं वेळ आईलाही ओळखीना. असें घडतें, हें डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलें होतें. मग दूध प्याला आणि निवला. संध्याकाळीं घरीं आला, आणि दुसऱ्या दिवशीं तो धांवत होता व त्याला आवरणारे आम्ही धापा टाकीत होतों.

असो. वाचकांस आमची विनंती एवढीच : असा प्रसंग आला तर उपवासाचा कागद मोलकरणीपासून आजोबांपर्यंत सर्वांस वाचून दाखवावा, खाऊचे डबे घराबाहेर ठेवावे, आणि त्या दिवशीं मुलाच्या आईचा शब्द घरांत शेवटचा मानावा. एवढें करूनही कोणाचा हात चुकलाच, तर त्यानें दार बंद होण्यापूर्वीं बोलावें. आमचा डबा शेजारून परत आला आहे. त्यांतील पहिलें बिस्किट बाळाला सूनबाईंनीं आमच्या हातानें देवविलें.