धूर नाही, पण व्यसन आहे

'जिथे धूर तिथे अग्नी' हे आपल्या न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण. आपल्या आईवडिलांची पिढी याच सूत्रावर चालायची. मुलगा बाहेरून आला की शर्टाला वास येतोय का, हल्ली बडीशेप जास्त खातोय का, एवढ्यावर त्यांना सगळं कळायचं. व्हेपपुढे ही परीक्षा चालत नाही. यंत्र पेनड्राइव्हएवढं, वास आंब्याचा, आणि जळत काहीच नाही. बॅटरीवर तापणारी तार ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलची वाफ करते आणि त्या वाफेबरोबर निकोटिन आत जातं.

पॉटलकला हा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आज व्हेप, उद्या सिगारेट." दुसरा म्हणतो, "अहो, सिगारेटपेक्षा बरंच की!"

पहिल्या पक्षाचं म्हणणं अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या संस्थेने २०१८ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं, की व्हेप करणारी मुलं पुढे सिगारेट ओढून पाहण्याची शक्यता वाढते. पण देशभरातल्या शाळांचे आकडे बघा. २०१९ मध्ये हायस्कूलची २७.५ टक्के मुलं व्हेप करत होती, तेव्हा सिगारेट ओढणारी होती ५.८ टक्के. २०२४ मध्ये व्हेप ७.८ टक्क्यांवर आलं आणि सिगारेट १.७ वर. १९९७ मध्ये सिगारेटचा हाच आकडा ३६ टक्क्यांच्या घरात होता!

मग खरं काय? दोन्ही खरं असू शकतं. जो मुलगा एक गोष्ट करून बघतो तो दुसरीही बघतो; स्वभाव आणि मित्रमंडळी तीच. ते वजा केलं तरी थोडा संबंध उरतो, आणि त्यात कारण किती आणि योगायोग किती यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. एवढं मात्र नक्की, की व्हेप करणारी बहुतेक मुलं उद्या सिगारेटकडे वळतीलच असं नाही.

पण म्हणून दुसरा पक्ष जिंकला असं समजू नका. तीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याने व्हेपकडे वळणं हा वेगळा हिशोब. पंधरा वर्षांच्या मुलीची तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी करायला हवी.

आणि इथे रसायनशास्त्र आडवं येतं. साधं निकोटिन घशाला झोंबतं. पहिल्या झुरक्याला ठसका लागतो आणि काही नवशिके तिथेच थांबतात. २०१५ साली आलेल्या जूलने त्यात बेंझोइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार वापरला. झोंबणं गेलं, मात्रा वाढली. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जूलच्या अमेरिकन पॉडमध्ये ५९ होतं. २०२४ च्या पाहणीत व्हेप करणाऱ्या मुलांपैकी चारातलं एक रोज ओढत होतं. याला गंमत म्हणत नाहीत. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात लागलेली सवय खोल रुजते.

धुराशिवायचं व्यसन आपल्याला काही नवीन नाही. मशेरी लावणाऱ्या आजीला कोणी 'धूम्रपान करते' म्हटलं नाही, पण सकाळी डबी सापडली नाही की सगळं घर डोक्यावर घ्यायची. निकोटिन तेच, डबी बदलली.

तेव्हा "सिगारेट ओढत नाहीस ना?" असं विचारून "नाही" ऐकलं की निश्चिंत होऊ नका. ते उत्तर खरंच असेल. उठल्याउठल्या लागतं का, दोन तास नाही मिळालं तर चिडचिड होते का, हे विचारा; आणि आवाज न चढवता विचारा. सोडायचं असेल तर १-८००-७८४-८६६९ वर फोन करा, आपापल्या राज्याची मोफत मदत मिळते. आपल्याकडे अशा गोष्टी झाकून ठेवायची पद्धत आहे. पण लपवलेलं व्यसन सोडवायला मदत कोण करणार? बघा पटतंय का.