स्ट्रॉबेरीची बिअर आणि दशमूलारिष्टाची बाटली

काही शब्द असे असतात की ते उंबरठ्याच्या आत आले की घरातले बोलणेच थांबते. ‘दारू’ हा त्यांतला एक. गेल्या महिन्यात आमच्या हाती आलेल्या एका पत्राने याचा प्रत्यय पुन्हा आला. पत्र आमच्याच सोनकच्छमधील एका मातेचे आहे. घराणे तीन पिढ्यांपासून काळीसिंधेच्या काठी नांदत आलेले, सण-वार, कुलाचार सांभाळणारे. मुलगा आमच्याच शाळेतून शिकून पुढे गेला आणि सध्या नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. एका रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर त्याने आई-दादांना मोठ्या उत्साहाने एक काचेची बरणी दाखविली. तीत सोनेरी रंगाचे, किंचित गुलाबी झाक असलेले पेय फसफसत होते. “स्ट्रॉबेरी घातलेली ब्लाँड एल आहे, दादा. मीच घरी केली,” असे तो म्हणाला. एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार, हे कळताच दादांनी दूरध्वनी बंद केला. त्याला सहा आठवडे झाले; बापलेकांत शब्द नाही. आई दुपारी हळूच बोलून घेते. तिने आम्हांस विचारले आहे, “सर, माझा मुलगा वाया गेला का?”

प्रश्न एका घरचा असला तरी तो आज अनेक घरांचा झाला आहे, म्हणून नावगाव वगळून येथे त्याचा विचार करतो. निवाडा द्यायचा तर आधी साक्ष घ्यावी लागते. तेव्हा हे पेय होते तरी कसे, ते प्रथम पाहू.

जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मोड जरासे डोकावताच ते गरम हवेने वाळवितात. हेच मॉल्ट. आपल्या घरी तान्ह्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, त्यामागचे कारण तेच आहे. मोड येताना धान्यात अशी पाचक द्रव्ये उत्पन्न होतात की ती पिठूळ भागाची साखर करू लागतात. वीस लिटर पेयासाठी सुमारे चार किलो मॉल्ट भरडून ६५ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवतात. ते गोड पाणी गाळून घेऊन पुन्हा तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले पंचवीस-तीस ग्रॅम टाकतात. त्यांनी चवीला कडवटपणा येतो आणि पेय टिकतेही. मग ते झटपट वीस अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट घालतात व बरणीचे तोंड असे बंद करतात की आतला वायू बाहेर पडावा, पण बाहेरची हवा आत शिरू नये.

अठरा ते वीस अंशांत आठ-दहा दिवस गेले की पहिला उसळा ओसरतो. तेव्हा स्ट्रॉबेरीची पाळी येते. दीड-दोन किलो फळे धुऊन, देठ काढून, आधी बर्फासारखी गोठवितात. गोठताना फळातील पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. ती आठवडाभर त्या पेयात राहतात. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. त्याला वाटते, सरबतासारखे गोड काही तयार होईल. पण यीस्ट फळाची साखरही खाऊन टाकते. उरते ती आंबट चव, मंद सुवास आणि गालावरच्या लालीइतका रंग. शेवटी मोजून थोडी साखर घालून बाटल्या भरतात व दोन आठवडे ठेवतात, म्हणजे फेस धरतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटून काचा उडतात. या पेयात मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे साडेचार-पाच टक्के असते.

या साऱ्या खटाटोपात निम्म्याहून अधिक वेळ भांडी धुण्यात आणि ती निर्जंतुक करण्यात जातो. लोणचे घालण्याच्या दिवशी आमच्या आजीचे जे सोवळे असे, त्याहून हे काकणभर कडकच म्हणावे लागेल. ऋतूही साधावा लागतो. आमच्या सोनकच्छच्या घरात अठरा-वीस अंश मिळायचे ते पौष-माघातच, आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इंदूरच्या बाजारात दिसते तीही त्याच सुमारास. या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या माल्कमची आठवण माळव्याला १८१७ च्या महिदपूरच्या लढाईमुळे आहे, त्यानेच पुढे मुंबईचा गव्हर्नर असताना महाबळेश्वरी थंड हवेचे ठाणे वसविले, हा एक योगायोगच.

आता पेय आंबते म्हणजे काय होते? लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासून या विषयाचा पाठपुरावा केला आणि १८७६ मध्ये केवळ बिअरवर एक ग्रंथ लिहिला. आंबणे हे सूक्ष्म जीवांचे कार्य आहे, असे त्याने दाखविले. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू करते. हे कार्य आपल्या स्वयंपाकघरास परके नाही. इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, जिलबीचे पीठ आंबट होते, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत पडतात आणि होळीच्या सुमारास माळव्यात गाजराची कांजी उन्हात ठेवली जाते, तेथे राबणारे जीव याच कुळातले. फरक इतकाच की तेथे अम्ल अधिक होते, येथे मद्यार्क.

आणि मद्यार्क तरी आपल्या घरात कोठे नाही? वाचकहो, आपापले औषधाचे कपाट उघडून पाहा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांपैकी एखादी बाटली तेथे असेलच. आसव आणि अरिष्ट म्हणजे गूळ किंवा मध घालून, धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबविलेली औषधे. त्यांत आपोआप उत्पन्न होणारे मद्यार्क बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे त्या स्ट्रॉबेरीच्या पेयाएवढे किंवा त्याहून जास्त. बाळंतिणीला दोन चमचे दशमूलारिष्ट देणारी सासू मद्य पाजते, असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कारण तेथे मात्रा ठरलेली आहे आणि हेतू स्पष्ट आहे. म्हणजे आपण केवळ द्रव्याला दोष देत नसून मात्रेचा व हेतूचा विचार करतो. मग तो विचार एका बाटलीपुरता ठेवून दुसरीला नाकारावा का?

आपले पूर्वजही या बाबतीत आपल्याहून अधिक नेमके होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी संपादिलेली त्याची संहिता मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये प्रसिद्ध केली. जिज्ञासूंनी ती अवश्य चाळावी. मद्याचे प्रकार, त्यांत पडणारे पदार्थ, आंबविण्यासाठी लागणारे किण्व, विक्रीची ठिकाणे आणि मोजमाप यांचा तेथे बारकाईने विचार केला आहे. विशेष हे की विक्रीवर राज्याचे कडक नियंत्रण असूनही, कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे.

आधुनिक कायद्यांतही हा भेद दिसतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरी बिअर करणे केंद्रीय कायद्याने निषिद्धच राहिले. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ही बंदी सुटली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, स्वतःपुरती करण्याची परवानगी मिळाली. विक्रीची मात्र नाही. तेव्हा या आईचा मुलगा तेथे जे करतो, ते कायद्याच्या चौकटीत आहे. आपल्याकडे मात्र तसे नाही. मध्यप्रदेशात १९१५ चा आबकारी अधिनियम लागू आहे आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. वरील कृती वाचून कोणा उत्साही तरुणाने देवास-सोनकच्छच्या एखाद्या माडीवर बरणी मांडू नये, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो.

इतके सांगून झाल्यावर दादांची बाजू मांडली नाही, तर निवाडा एकांगी होईल. त्यांचा संताप पोकळ नाही. सरकारी शाळेत इतकी वर्षे काढल्यावर आम्हांस हे नित्य दिसते. सोमवारी वही नसलेले मूल, ज्याच्या आईची मजुरी शनिवारी रात्रीच संपलेली असते, असे मूल प्रत्येक वर्गात आहे. व्यसनही एकदम मोठ्या पावलांनी येत नाही. तेही एका पेल्यानेच येते. घरी केलेले आहे, फळांचे आहे, म्हणून ते निर्धोक, असे समजणारा स्वतःची फसवणूक करून घेतो. पाच टक्के ते पाच टक्केच; बरण्यांची संख्या वाढली की हिशेबही वाढतो.

पण भीतीलाही नेमका पत्ता हवा. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उज्जैनला आणि जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने अनेक गरीब माणसे मेली. असे कांड घडले की घराघरांत म्हटले जाते, “गावठी दारू म्हणजे विष.” अशा कांडांत जीव घेणारे विष बहुधा मिथेनॉल असते. धान्य आंबविल्याने ते नाममात्रच उत्पन्न होते आणि फळांतील पेक्टिनमुळे जे थोडेफार होते, तेही अशा सौम्य पेयात घातक ठरत नाही. घातक ठरते ते कारखान्यांसाठी बनविलेले मिथेनॉल, जे स्वस्त नशा विकून पैसा करणारे लोक दारू म्हणून किंवा दारूत मिसळून खपवितात. विज्ञानाच्या तासाला हा फरक मुलांना शिकविला पाहिजे. जे मूल मिथेनॉल आणि इथेनॉल यांतला भेद जाणते, ते उद्या आपल्या बापाला किंवा भावाला ती पिशवी तोंडाला लावण्याआधी हटकू शकेल.

तेव्हा त्या मातेस आमचे उत्तर असे. ताई, तुमचा मुलगा वाया गेला, असे म्हणण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाही. जो वाया जातो, तो प्रथम लपवितो. याने बरणी आई-बापांसमोर आणून ठेवली. त्याला एक विद्या साधली होती आणि ती लहानपणी चित्र दाखवावे तशी त्याने दाखविली. दादांनी ‘आम्हांला हे आवडत नाही’ असे जरूर सांगावे. तो त्यांचा अधिकार आहे. त्याबरोबर किती करतोस, किती पितोस, रोज पितोस का, हेही विचारावे. उत्तरे चिंताजनक असली, तर ती कळण्याचा मार्गही बोलण्यातूनच जातो. मौनाने पोरगा बिअर सोडणार नाही. दाखविणे मात्र सोडील.

हे झाले आपल्या घरचे. पण जे माप आपण परदेशातील आपल्या मुलाला लावू पाहतो, ते शेजाऱ्यालाही लावावे लागेल. आपल्याकडून तासा-दोन तासांच्या वाटेवर धार जिल्हा आहे. तेथील भिल्ल-भिलालांच्या पाड्यांत चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात. बाया-पोरे ती वेचतात, वाळवितात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न म्हणूनही उपयोगी पडत आली आहेत. त्याच फुलांना आंबवून, ऊर्ध्वपातन करून दारू काढतात आणि जन्म, लग्न, मरण या प्रसंगी पूर्वजांच्या नावाने तिची धार जमिनीवर धरतात. इंग्रजी अमदानीत १८५५ मध्ये कसौलीला गोऱ्यांसाठी बिअरचा कारखाना निघाला, तो उद्योग ठरला. १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्याकडील मोहाच्या फुलांवरच कायद्याचे बंधन घातले, कारण ती गरिबांच्या घरची भट्टी होती. मध्यप्रदेशच्या कायद्यात आज अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती ठराविक मर्यादेत सूट आहे, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ असे नाव देऊन ते बाटलीत भरण्याचे धोरण आखले. ही मर्यादेची भाषा कौटिल्याच्या जवळची आहे.

आमची भाषा मात्र बदललेली नाही. सातासमुद्रापार आपला मुलगा करतो, तेव्हा शेजारी त्याला ‘छंद’ म्हणतात. धारचा भिल्ल करतो, तेव्हा तोच शेजारी ‘दारुडी जात’ म्हणून मोकळा होतो. मद्याची मात्रा तेथे कमी नसते, हे खरे. मोहाची दारू बिअरहून पुष्कळच कडक असते आणि तिने उद्ध्वस्त केलेली घरेही आहेत. पण व्यसन सर्वच जातींत आहे, आणि संयमही. आमच्या शाळेत भिल्ल घरांतील मुलेही बसतात. आंबण्याच्या क्रियेचा पाठ आला की त्यांतली काही खाली पाहू लागतात. घरी होते ते सांगावे की झाकावे, हे त्यांना कळत नाही. त्यांच्या आईला या विषयातले जेवढे कळते, तेवढे त्या धड्यात लिहिलेलेही नसते. त्या मुलांनी मान वर करून ते वर्गात सांगावे आणि मग मद्याचे दुष्परिणामही त्याच मोकळेपणाने ऐकावेत, असा तास घेणे आम्हां शिक्षकांच्या हाती आहे. येत्या सत्रात तो आम्ही घेणार आहोत.