दुसरा आठवडा कुणी खाल्ला?

मंगळवार होता, सकाळी पावणेदहाचा खेळ. मराठी चित्रपट, दिग्दर्शक नवा, प्रदर्शित होऊन पाचवा दिवस. आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवरच्या मल्टिप्लेक्समध्ये त्याला दिवसभरात एवढा एकच खेळ दिलेला होता, म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला लवकर आवरायला लावून रिक्षाने घेऊन गेलो. दारावरचा मुलगा म्हणाला, "सर, शो कॅन्सल झालाय. पाचच तिकिटं गेलीत. पैसे अकाउंटला परत येतील." त्याच इमारतीत त्याच दिवशी एका हिंदी चित्रपटाच्या पुढच्या भागाचे चौदा खेळ होते. मी फलकासमोर उभं राहून मोजले.

आई त्या मुलाला म्हणाली, "अरे, पण आपण आलोय ना?"

या प्रश्नाचं उत्तर चित्रपट व्यवसायातल्या कुणाहीकडे नाही. त्यांच्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे: प्रेक्षकच येत नाहीत हो. गेली पंधरा वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे आणि ते खोटं आहे. नव्या गोष्टीला प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांत येत नाही, हे खरं. तो दुसऱ्या आठवड्यात येतो. कुणीतरी पाहून आलेला असतो, तो ऑफिसात सांगतो, शेजारीण शेजारणीला सांगते, मग घरात ठरतं. आईने 'श्वास' पाहिला तो असाच, शाळेतल्या एका बाईंनी सांगितल्यावर, तिसऱ्या आठवड्यात. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा तो चित्रपट पहिल्या मंगळवारी पाच तिकिटांवर तोलला असता, तर आईपर्यंत पोचलाच नसता.

मालिकेतल्या चित्रपटाला दुसऱ्या आठवड्याची गरज नसते. नाव आधीच विकलेलं असतं, त्यामुळे त्याची सगळी मदार पहिल्या शुक्रवार ते रविवारवर. व्यवसायाचं गणितही त्याच्याच सोयीचं आहे. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने संप चालला आणि तडजोड झाली: वितरकाला पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, पुढे 30. म्हणजे जितकं आधी ओरबाडता येईल तितकं वितरकाच्या फायद्याचं. मग ज्याच्या हातात मोठं नाव आहे तो पहिल्या आठवड्यात पडदे अडवणारच, आणि ज्याच्या हातात फक्त चांगली गोष्ट आहे तो पावणेदहाच्या खेळाला ढकलला जाणार.

2024 ची दिवाळी आठवा. 1 नोव्हेंबरला 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया 3' एकाच दिवशी आले. देशभरातले पडदे या दोघांनी वाटून घेतले आणि त्या वाटणीवरूनही भांडले. पहिला 'सिंघम' मुळात 2010 च्या तमिळ चित्रपटाचा रिमेक, पहिला 'भूलभुलैया' 1993 च्या मल्याळम 'मणिचित्रताळ'वर उभा. दुसऱ्याची गोष्ट आणायची, तिचं नाव करायचं, मग त्या नावाला आकडे जोडत जायचं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सणाला हिंदी पडद्यावर नवी म्हणता येईल अशी एक गोष्ट नव्हती.

मला पुढच्या भागांचा तिटकारा नाही. 'लगे रहो मुन्नाभाई' पहिल्यापेक्षा सरस आहे असं मी आजही मानतो, कारण त्यात सांगण्यासारखं नवं काही होतं. माझा राग नाव हीच गोष्ट समजण्यावर आहे.

'सैराट'चं काय झालं ते पाहा. एप्रिल 2016 मध्ये नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या मातीतली, जातीच्या सुरीने कापलेली प्रेमकथा आणली. नायक-नायिका कुणाला ठाऊक नव्हते. मराठीत शंभर कोटींचा पल्ला पहिल्यांदा तिने गाठला. दोन वर्षांत हिंदीवाल्यांनी ती उदयपूरला नेली, 'धडक' नाव दिलं आणि जात इतकी बोथट केली की शेवटचं हत्याकांड का घडलं हेच धूसर झालं. 2025 मध्ये 'धडक 2' आला. त्याची गोष्ट कुठली? मारी सेल्वराज यांच्या 2018 च्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'ची. पहिल्या 'धडक'शी तिचा धाग्याचाही संबंध नाही. दिग्दर्शिका शाझिया इक्बाल यांनी जातीबद्दल स्पष्ट बोलण्याची हिंमत दाखवली, हे मी मानतो. पण त्या हिमतीला स्वतःच्या नावाने दारात उभं राहू दिलं नाही. मराठी यशातून निघालेली हिंदी पाटी तमिळ वेदनेच्या गळ्यात अडकवली. आणि एवढं करूनही तो चालला नाही.

'तुंबाड'ची कथा याहून जिव्हारी लागणारी आहे. राही अनिल बर्वे यांनी वर्षानुवर्षं खपून केलेला, नारायण धारपांच्या कथेतून सुचलेला, कोकणातल्या मुसळधार पावसात भिजलेला हा चित्रपट ऑक्टोबर 2018 मध्ये आला आणि बेताचीच कमाई करून उतरला. सप्टेंबर 2024 मध्ये तोच, एकही दृश्य न बदलता, पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त कमावून गेला. प्रेक्षक तोच देश, तीच माणसं. मधल्या सहा वर्षांत फक्त एक झालं होतं: लोकांना एकमेकांना सांगायला वेळ मिळाला होता. यातून व्यवसायाने काय धडा घेतला? 'तुंबाड 2' जाहीर केला, आणि त्यात बर्वे नाहीत. ज्या डोक्यातून ती दुनिया निघाली ते डोकं बाहेर, नाव तेवढं आत. असले धंदेवाईक निर्णय घेणाऱ्यांना प्रेक्षकांच्या आवडीबद्दल बोलण्याचा काहीही अधिकार नाही.

त्यांचं स्वतःचं गणितही खरं ठरत नाही. 2025 मध्ये यशराजने दोन चित्रपट आणले. जुलैत 'सैयारा', दोन्ही मुख्य कलाकार नवे. ऑगस्टमध्ये 'वॉर 2', हृतिक रोशन आणि ज्युनियर एनटीआर, हेरांच्या मालिकेतला. जास्त कमाई 'सैयारा'ने केली. तरी पुढच्या बैठकीत कुणीतरी पहिला प्रश्न 'याचा पुढचा भाग निघेल का' हाच विचारणार, याबद्दल मला शंका नाही.

आता आपल्या घरात. 'बॉईज'चे चार भाग, 'टाइमपास'चे तीन, वीस वर्षांनी 'नवरा माझा नवसाचा 2'. पडद्यांसाठी हिंदीच्या नावाने ओरडणारे आपले निर्मातेही नावच विकायला बसले आहेत. जुलै 2025 मध्ये 'सैयारा'पुढे 'येरे येरे पैसा 3'चे खेळ कमी झाले, तेव्हा गदारोळ झाला, एक राजकीय पक्ष मैदानात उतरला. 1971 मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी कोहिनूर थिएटरपुढे शिवसेना उभी राहिली होती, तेव्हापासून आपल्याकडे पडदा मिळवायचा हाच एक मार्ग उरला आहे. ज्याच्यामागे झेंडा नाही त्याने काय करायचं? रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने 2025 च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला, त्याच शुक्रवारी 'जॉली एलएलबी 3' लागला. कुणाला संध्याकाळ मिळाली हे सांगायला हवं का? आणि कुणी म्हणेल की मराठी माणूस नवं पाहत नाही, तर त्याने त्याच महिन्यातला 'दशावतार' आठवावा. एक्क्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांना पाहायला लोक घरच्यांना घेऊन गेले.

2015 मध्ये सरकारने मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देण्याचा नियम केला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, विरोध होताच दुपारी बारा ते रात्री नऊ करून टाकलं. नोकरी करणाऱ्या माणसासाठी दुपारी बारा म्हणजे बंद दार. माझी मागणी साधी आहे. ज्या चित्रपटाला आकडा नाही, ज्याची गोष्ट रिमेक नाही, त्याला प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये सलग चौदा दिवस संध्याकाळचा एक खेळ द्या. आणि एक जरी तिकीट विकलं असेल तरी खेळ रद्द करायचा नाही. चौदा दिवसांनंतर रिकामा राहिला तर खुशाल उतरवा, मी एक शब्द बोलणार नाही.

तिकिटाचे पैसे त्या आठवड्यात शनिवारी खात्यात जमा झाले. मी लगेच पुढचा खेळ शोधला. आदल्या दिवशीच तो चित्रपट आमच्या शहरातून उतरला होता. आईने तो अजून पाहिलेला नाही.