पित्त खवळले की दिवस राहिले?
नवी सून सकाळी ओकू लागली की घरात पहिला तर्क निघतो तो पित्ताचा, आणि लागलीच एरंडेलाची वाटी पुढे येते. पाळी कधी आली होती, हे लाजेपायी कोणीच विचारीत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

पोट बिघडले असता ओकारी अचानक सुरू होते. जुलाब, कळा, कधी तापही असतो, आणि बहुधा दोनतीन दिवसांत उतार पडतो. गरोदरपणाची मळमळ शेवटच्या पाळीपासून सुमारे ६व्या आठवड्यास सुरू होऊन कित्येक आठवडे रेंगाळते. ती सकाळीच होते असे नव्हे. फोडणीच्या वासानेही उचंबळते. थकवा येतो, स्तन दुखतात. ताप व जुलाब मात्र तिची लक्षणे नव्हेत.

दोन्ही एकाच वेळी असणेही शक्य आहे. म्हणून पाळी चुकताच लघवीची चाचणी करावी. आशाताईंकडे तिची पट्टी मिळते. निकाल 'नाही' आला व तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा पाहावे. तोवर एरंडेल फडताळातच राहू द्यावे. ओटीपोटात तीव्र कळ, रक्तस्राव वा भोवळ आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भ नळीत अडकला असल्यास जिवावर बेतते.