मोठा सेन्सर की एसीचं तिकीट?

परवा एका परिचितांचा फोन आला. वडिलांना घेऊन कुंभकोणम-तंजावरला निघालेत. वडील पंचाहत्तरीचे, भोसल्यांचं तंजावर पाहायची त्यांची जुनी इच्छा. ‘कॅमेरा घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, फुल-फ्रेमच घ्या. बजेट कोलमडतंय, पण एसीऐवजी स्लीपरनं गेलो तर जमेल!’

म्हटलं, थांबा! आधी गणित मांडू.

फुल-फ्रेमचा सेन्सर जुन्या रोलच्या फ्रेमएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. क्रॉप-सेन्सर बहुधा २३.५ बाय १५.६ च्या आसपास. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी. त्यामुळे दृश्याच्या कडा कापल्या जातात आणि ५० ची लेन्स ७५ ची असल्यासारखं चित्र देते.

हा तोटा की फायदा? ते देवळात कळतं. कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराचं गोपुर अकरा मजली. वरच्या मूर्ती टिपायला क्रॉपवर २०० ची लेन्स ३०० चं काम करते. फुल-फ्रेमवर तेवढ्याचसाठी जास्त जड, महाग लेन्स लागते.

जवळच दारासुरम. तिथलं ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळानं बांधलं. मंडपातल्या खांबांवर बारीक कोरीवकाम, पण आत उजेड कमी. इथे मोठा सेन्सर सरस ठरतो. चित्रात दाणे कमी येतात. हा फायदा साधारण एका स्टॉपचा. मात्र क्रॉप कॅमेऱ्यालाच एफ १.८ ची ३५ मिलिमीटर लेन्स लावली, तर सोबत मिळणाऱ्या झूमपेक्षा दोन स्टॉपहून अधिक उजेड आत येतो. तोही बऱ्याच कमी पैशांत!

लग्नाची कामं घेणाऱ्यांनी किंवा भिंतीएवढे प्रिंट काढणाऱ्यांनी फुल-फ्रेम जरूर घ्यावा. घरच्या अल्बमसाठी क्रॉप कॅमेरा आणि एक चांगली लेन्स पुरे. खांद्यावर ओझंही कमी. वडिलांचा हात धरायला एक हात मोकळा राहतो.

शेवटी त्यांना एवढंच सांगितलं, ‘तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आहे. तमिळ मुलखात आपली भाषा दगडावर पाहताना वडिलांचा चेहरा कसा होतो, तो फोटो चुकवू नका. भरदिवसा तो कुठल्याही कॅमेऱ्यात छान येईल. फक्त वडील तिथे थकून पोहोचता कामा नयेत.’

तिकिटं एसीचीच काढलीत, असा काल निरोप आला.