हनुवटीचे माप आता सोडा

दिवाळी सरली की प्रशिक्षकांच्या आणि गटप्रमुखांच्या फोनवर एक ठरावीक निरोप यायला लागतो. "भाऊ डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय. स्नोबोर्ड मागवायचाय. पावडरमध्येही चालला पाहिजे आणि थोडं फ्रीस्टाइलही करायचंय. कुठला घेऊ?" सोबत दोन-तीन रंगीबेरंगी फळ्यांचे फोटो. आणि आपले उत्तरही ठरलेले: "उभा धरल्यावर हनुवटीला लागेल एवढा घे."

हे उत्तर आता थांबवायला हवे. बोर्ड हातात घेऊन, वाकवून, चालवून पाहण्याची सोय आपल्याकडे जवळजवळ नाहीच. सामानातून आलेली फळी चुकीची निघाली तर ती परतही जात नाही, माळ्यावर जाते. जिथे ग्राहकाला स्वतः पारखता येत नाही, तिथे सल्ला देणाऱ्याच्या शब्दाला दुप्पट वजन येते. ते पेलण्याइतका अभ्यास आपण केला आहे का, हा या हंगामाचा प्रश्न आहे.

'पावडरही आणि फ्रीस्टाइलही' ही मागणी साधी वाटते, पण तिच्यात दोन वेगळी घराणी आहेत. १९६५ साली मिशिगनमधल्या मस्कीगन गावात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकमेकींना जोडून मुलींसाठी खेळणे केले. त्याचेच पुढे 'स्नर्फर' झाले, आणि स्नोबोर्डची वंशावळ साधारण तिथून सांगितली जाते. सत्तरच्या दशकात युटाच्या खोल हिमात दिमित्रिये मिलोविच यांनी 'विंटरस्टिक' घडवला. लाटेवर तरंगणाऱ्या सर्फबोर्डशी त्याचे नाते उघड होते. दुसरीकडे टॉम सिम्स यांच्यासारखे लोक स्केटबोर्डवरून हिमावर आले आणि उडी, गिरकी, हाफपाइप सोबत घेऊन आले. हाफपाइप १९९८ मध्ये नागानोला ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, स्लोपस्टाइल २०१४ मध्ये सोचीला, बिग एअर २०१८ मध्ये प्योंगचांगला. एका घराण्याला तरंगायचे आहे, दुसऱ्याला उडायचे आहे.

पावडरवर, म्हणजे ताज्या, खोल हिमावर, तरंगायचे तर नाक वर राहिले पाहिजे. म्हणून पावडरच्या बोर्डाचे नाक रुंद आणि होडीच्या टोकासारखे उचललेले असते. शेपटी त्याहून अरुंद ठेवतात, म्हणजे ती आपोआप थोडी बुडते आणि नाक वर येते. बूट अडकवायचे बाइंडिंग मध्यापासून दोन ते चार सेंटिमीटर मागे बसवतात. हे नसेल तर नाक हिमात घुसू नये म्हणून सगळा भार मागच्या पायावर धरावा लागतो. चार वळणांतच मागची मांडी भरून येते, हे भाड्याच्या मऊ बोर्डावर गुलमर्गचा अफरवट उतरलेल्या कुणालाही विचारा.

उडायचे तर गणित नेमके उलटे होते. उलट्या दिशेने उतरायचे, उलटेच चालवायचे, तर नाक आणि शेपटी सारखी हवी, बाइंडिंग बरोबर मध्यावर हवे. जमिनीवर ठेवल्यास मधोमध कमान दिसणारा कॅम्बर हवा, कारण दाबलेली कमान धनुष्यासारखी सुटते आणि उडीला तोच जोर मिळतो. बोर्ड मऊ ते मध्यम हवा. निमुळत्या शेपटीच्या पावडर बोर्डावरून उलटे उतरून पाहा: शेपटी नाकाच्या जागी येते आणि तशीच बुडते.

म्हणजे एकाच फळीकडून आपण परस्परविरोधी गोष्टी मागतो आहोत. घावन घालायचा बिडाचा तवा आणि भाकरीचा लोखंडी तवा घरात वेगळे असतात. एकावर दुसरे होत नाही असे नाही, पण कुठलेतरी एक बिघडते. मग काय बिघडलेले चालेल, हे आधी ठरवावे लागते. ते ठरते जागेवरून.

आपल्यातले बहुतेक जण गुलमर्गला जातात, आणि तेही वर्षाकाठी आठ-दहा दिवस. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत नेतो. दुसरा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ. वरचा उतार यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो, हिम पडले तसेच असते. तिथे कुणी रेलिंगवर घसरायला जात नाही. एवढ्यावरून निकाल पावडरच्या बाजूने लावावा असे वाटेल. पण हिमाचा भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये हिमाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. रजा आणि तिकिटे ठरवून गेलेल्या माणसाच्या वाट्याला कडक, घट्ट हिम आले, तर खास पावडरचा आखूड, रुंद बोर्ड ओझे होतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. वर्षाला दहा दिवस चालवणाऱ्याने एकच बोर्ड घ्यावा, आणि तो 'डायरेक्शनल ट्विन' असावा: बाह्यरेषा जवळपास सममित, पायांखाली कॅम्बर, नाक थोडे उचललेले, लवचीकता मध्यम. बाइंडिंगसाठी फळीत छिद्रांच्या ओळी किंवा खाच असतेच. ताजे हिम पडले की दोन्ही पाय मागे सरकवा, घट्ट हिमावर उड्यांचा सराव करायचा तेव्हा मध्यावर आणा. पाना खिशात असला तर दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्या दहा मिनिटांनी जे साधते ते दुसरा बोर्ड घेऊनही अनेकांना साधत नाही. ज्यांचे हिमावरचे दिवस वीस-पंचवीसच्या पुढे गेलेत, जे होक्काइदोच्या निसेकोसारख्या खोल हिमाच्या जागी जातात, त्यांनी दुसरी फळी खुशाल घ्यावी. पहिली फळी म्हणून ती कुणालाही सुचवू नये.

आता मापे. बोर्डाला उंची कळत नाही, वजन कळते. उत्पादक प्रत्येक लांबीपुढे वजनाची मर्यादा देतात, ती वाचा. वजन अंघोळीनंतरचे नव्हे, बूट, कपडे, पाणी आणि पाठीवरची सॅक धरून मोजा. सत्तर किलोचा माणूस हिमावर सहज ऐंशीचा होतो. एकाच उंचीच्या पंचावन्न आणि पंच्याऐंशी किलोच्या दोघांना हनुवटी एकच बोर्ड देते, आणि दोघांचेही नुकसान करते.

दुसरे माप पावलाचे. बोर्डाची कंबर साधारण २५० मिलिमीटरच्या आसपास असते. मोठ्या पावलाच्या माणसाला २६० किंवा त्याहून रुंद लागते, नाहीतर वळणात बुटाची टोके हिमात घासतात आणि कड सुटते. लहान पावलाला रुंद बोर्ड दिला तर तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येतच नाही. म्हणून बूट आधी, बोर्ड नंतर. लवचीकतेच्या १ ते १० या आकड्यांवर फार विसंबू नका. सगळ्या कंपन्यांना लागू होईल असे त्याचे एक प्रमाण नाही. एकाचा ५ दुसऱ्याचा ७ असू शकतो. तळ सिंटर्ड असेल तर तो वेगवान असतो, पण मेण पितो. वर्षभर मेण न लावता माळ्यावर ठेवणाऱ्याने साधा एक्स्ट्रूडेड तळ घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा: ते आधी कशावर खर्चायचे याचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन स्कीअर गेला. दाबलेल्या उताराबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाकडे बीकन, प्रोब आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सराव हवा. ज्याच्याकडे ही तीन साधने नाहीत आणि जो दुसऱ्या बोर्डाचे दर विचारतो आहे, त्याला दर सांगू नका.

प्रशिक्षक मित्रांनो, या हंगामात एवढे करा. नवख्याला पहिले दोन-तीन दिवस भाड्याच्या वेगवेगळ्या बोर्डांवर चालवा. कुठल्या लांबीवर, कुठल्या लवचीकतेवर तो मोकळा झाला ते वहीत लिहून ठेवा. खरेदी पुढच्या वर्षी. आणि फोटोसकट तो निरोप आला की चित्राकडे पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा: सॅकसकट वजन किती, बुटाचे माप किती, वर्षातले किती दिवस आणि कुठल्या हिमावर? उत्तरे आली तर बोर्ड सुचवा. नाही आली, तर भावाला सामानात बीकन आणायला सांगा.