नळापाशी किती वेळा जायचं?

मित्रांनो, विषय टेक्निकल आहे म्हणून लगेच पान उलटू नका. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनाही कळेल, कारण सुरुवात होस्टेलच्या नळापासून आहे. आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी कधी येईल याचा नेम नाही. मग पहाटेपासून बादली घेऊन खाली जायचं, नळ फिरवून पाहायचा, वर यायचं, दहा मिनिटांनी पुन्हा खाली. ना धड झोप ना अभ्यास, आणि नेमकं आपण वर असतानाच पाणी येऊन जातं! कॉम्प्युटरच्या भाषेत याला 'पोलिंग' म्हणतात. त्यापेक्षा पाणी आलं की वॉचमनकाकांनी घंटा वाजवावी आणि तोवर सगळ्यांनी निवांत झोपावं, हे झालं 'इंटरप्ट'. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, म्हणून डिक्शनरी बघितली. तिथे 'व्यत्यय' दिलाय. पाणी आल्याची घंटा हा व्यत्यय कसा?)

माझं म्हणणं असं, की आपल्या लॅबमध्ये आपण चार वर्षं फक्त नळापाशी खेपा घालायला शिकतो. फायनल इयरचे प्रोजेक्ट उघडून बघा. आत एक न संपणारा लूप, आणि तो सेन्सरला सारखा विचारतोय, 'झालं का? झालं का?' प्रोसेसर शंभर टक्के बिझी. डेमोला चालून जातं, कारण सेन्सर एकच असतो आणि सर पाच मिनिटंच थांबतात.

आता परळीचं औष्णिक केंद्र घ्या. (२०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे पाण्याची वाट फक्त आपणच बघत नाही!) अशा केंद्रात एखादा संच ट्रिप झाला की क्षणात ढीगभर सिग्नल येतात, आणि नंतर प्रश्न एकच असतो: आधी काय पडलं? बॉयलर, टर्बाइन की ब्रेकर? म्हणून औष्णिक केंद्रांत घटनांची क्रमवार नोंद एका मिलिसेकंदाच्या बारकाईने ठेवायची पद्धत आहे. आपल्या विजेची एक सायकलच २० मिलिसेकंदांची. सेकंदाला एकदा विचारणाऱ्या प्रोग्रॅमला मधल्या ५० सायकलींतलं सगळं 'एकदमच' झालेलं दिसेल. म्हणून वेळेचा शिक्का ड्रायव्हरनेच, घटना घडल्या क्षणी मारायला हवा. ॲप्लिकेशन जागं होईल तेव्हा मारलेला शिक्का म्हणजे दुपारी उठून लिहिलेली सकाळची हजेरी!

पण घंटा वाजवणं वाटतं तितकं सोपं नाही. वॉचमनकाका प्रत्येकाच्या खोलीत बादली पोचवायला लागले तर गेटवर कोण? ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरचं तसंच आहे. वेळ नोंदवायची, हार्डवेअरमधली माहिती बफरमध्ये टाकायची, झोपलेल्या ॲप्लिकेशनला हाक मारायची आणि परत जागेवर. त्याने कोणासाठी थांबायचं नाही. ॲप्लिकेशन आलंच नाही आणि बफर भरला, तर किती घटना हुकल्या तो आकडा ठेवायचा आणि नंतर स्वच्छ सांगायचा. गपचूप गिळायचं नाही.

हाक कशी मारायची यातही फरक आहे. लिनक्समधले साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. पाच वेळा हाक मारली तरी ॲप्लिकेशनला एकदाच ऐकू येऊ शकते. २००७ पासून लिनक्समध्ये 'इव्हेंटएफडी' आहे, तो मोजतो: पाच घटना झाल्या तर वाचल्यावर पाच हा आकडा मिळतो. आणि नुसता आकडा नको, प्रत्येक घटनेचा तपशील हवा असेल, तर 'पोल' कॉलवर झोपायचं आणि जाग आली की 'रीड'ने बफर वाचायचा. हा फरक परीक्षेत दोन मार्कांचाही नाही, पण प्रत्यक्षात तोच महत्त्वाचा.

विश्वास बसत नसेल तर मंगळावर चला. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला तिथे उतरलं आणि काही दिवसांनी आपोआप रीसेट व्हायला लागलं. घोटाळा या 'बातमी देण्याच्या' यंत्रणेतच होता! बातमीची वाट बघणाऱ्यांची यादी सांभाळणारं एक कुलूप होतं. ते कमी प्रायॉरिटीच्या हवामान टास्ककडे असताना मधल्या प्रायॉरिटीच्या कामांनी त्याला बाजूला सारलं, आणि वरच्या प्रायॉरिटीचा टास्क त्याच कुलपापाशी ताटकळला. काम वेळेत झालं नाही, की सिस्टीम स्वतःला रीसेट करायची. उपाय असा, की कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती द्यायची. ती सोय सिस्टीममध्ये होतीच, बंद होती. पृथ्वीवरून चालू केली!

'रिअल-टाइमसाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं, आपल्याला कसं परवडणार?' हे लॅबमध्ये नेहमी ऐकायला मिळतं. एकेकाळी ते थोडं खरं असेल. पण मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून आलेलं आरटीएआयसुद्धा फुकटच होतं. आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ पासून रिअल-टाइमची सोय मूळ कर्नलमध्येच आहे.

म्हणून माझी सूचना थर्ड इयरसाठी, एकाच प्रॅक्टिकलची. एक रास्पबेरी पाय, एक बटन, दोन वायरी. ड्रायव्हर लिहायचीही गरज नाही, कारण बटन दाबल्याची घटना वेळेच्या शिक्क्यासकट ॲप्लिकेशनला द्यायची सोय लिनक्समध्ये २०१६ पासून तयार आहे. आधी पोलिंगने करा आणि प्रोसेसर किती खातो ते लिहा. मग झोपून वाट बघणारा प्रोग्रॅम लिहा. घटना आणि जाग यांत किती मायक्रोसेकंद गेले ते मोजा. त्यानंतर त्याच बोर्डवर दुसरं जड काम लावा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी ॲव्हरेज नको, सगळ्यात वाईट आकडा जर्नलमध्ये लिहायचा. हा आकडा मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, कारण प्रत्येक ग्रुपचा वेगळा येईल!

आमच्या ग्रुपकडे एक बोर्ड आहे, तो लॅबला द्यायला तयार आहोत. फक्त सबमिशनच्या आठवड्यात मागू नका.